ज्यू बालवाडीतलं दुसरं वर्ष, आणि डब्याचा प्रश्न

चिमणीची आई | १४ फेब्रुवारी, रात्री १०:१०

आमची चार वर्षांची चिमणी इथल्या (न्यू जर्सी) ज्यू लोकांच्या बालवाडीत जाते. हे दुसरं वर्ष. ओळखीत कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तिथे का? तुम्ही थोडेच ज्यू आहात?" एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक देता येईल.

कारण अगदी साधं आहे. जेसीसी, म्हणजे ज्यूइश कम्युनिटी सेंटर, घरापासून आठ मिनिटांवर. सकाळी साडेसातला उघडतं, संध्याकाळी सहापर्यंत मूल ठेवतात आणि बाई टिकून आहेत. बाकीच्या डेकेअरमध्ये दर तीन महिन्यांनी नवा चेहरा दिसायचा. प्रवेश आधी सभासदांच्या मुलांना, मग भावंडांना, उरलेल्या जागा बाकीच्यांना. आम्ही त्या बाकीच्यांत. वर्गात चौदा मुलं, त्यातली निम्मी तरी ज्यू नाहीत. नवरा म्हणाला, एवढ्या जवळ गुरुद्वारा असता तर तिथेही घातली असती.

दिवसाची सुरुवात "बोकेर तोव्ह"नं होते, म्हणजे सुप्रभात. खाऊच्या आधी हात धुऊन ब्रेडचा आशीर्वाद म्हणतात. पहिल्याच महिन्यात घरी वरणभाताचं ताट पुढे ठेवलं तर बयेनं डोळे मिटून खणखणीत हिब्रू सुरू केलं. सासूबाई तेव्हा इथेच होत्या. त्यांचा प्रश्न एकच, "भातावर चालतं का गं हे?" चौकशी केली तर खरंच नाही चालत! ब्रेडचा वेगळा, झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतून येणाऱ्या भाजीचा वेगळा. सासूबाईंना हा काटेकोरपणा फारच पटला.

शुक्रवारी शब्बातची (ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची) तयारी. गुंफलेल्या वेणीसारखा ब्रेड मुलं स्वतः वळतात. त्याचं नाव घशातून काढायचं, खल्ला आणि हल्ला यांच्या मधलं काहीतरी. (नवरा दर शुक्रवारी विचारतो, "आज हल्ला झाला का?") एक मूल त्या दिवसाची "इमा" किंवा "अबा" होतं, म्हणजे आई किंवा बाबा. बॅटरीच्या मेणबत्त्या, द्राक्षाचा रस आणि एक पत्र्याचा डबा, त्यात प्रत्येकानं नाणं टाकायचं. त्याला "त्सदाका" म्हणतात, म्हणजे दान. चिमणीला त्या डब्याचं इतकं वेड की आमच्या देवघरापुढची चिल्लर गायब व्हायला लागली.

काल त्यांचा तू बिश्वात झाला, झाडांचा नववर्षदिन. मुलांनी कागदी पेल्यात पार्सलीचं बी पेरलं. ते एप्रिलमधल्या पेसाखपर्यंत (इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण) वाढवायचं आणि त्या दिवशी मिठाच्या पाण्यात बुडवून खायचं. सासूबाईंना फोटो पाठवला. उत्तर आलं, "हे तर आपले घट."

आता रडगाणं. तिथलं स्वयंपाकघर फक्त दुधातुपाचं आणि शाकाहारी, मांस नाहीच. म्हणजे पोळीभाजीला रान मोकळं, असं वाटलं होतं. पण अ‍ॅलर्जीमुळे शेंगदाणे बंद, सुकामेवा बंद, तीळही बंद. मराठी बाईच्या हातून कूट काढून घेतलं की उरतं काय? भरली वांगी गेली, काकडीची कोशिंबीर गेली, साबुदाण्याची खिचडी गेली. संक्रांतीला तिळगूळ वाटायला नेते म्हटलं तर फार गोड शब्दांत नाही म्हणाल्या. घरी केलेलं वाटायचं नाही, पाकिटावर कोशरचा (ज्यू आहारनियमांत बसतं याचा) शिक्का हवा, शिवाय तीळ. नियम समजला, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. दिवाळीला मात्र गोष्ट सांगायला बोलावलं होतं, सगळ्यांनी कागदाचे आकाशकंदील केले.

तर प्रश्न दोन.
१. पेसाखच्या आठ दिवसांपैकी मधले चार दिवस शाळा चालू असते. त्या दिवसांत मात्झा नावाची बिनखमिराची भाकरी सोडली तर गहू बंद, आणि यांच्या नियमात तांदूळ आणि डाळीही बंद. डब्यात काय देऊ?
२. सप्टेंबरात किंडरगार्टन. इथली सरकारी शाळा चांगली आहे. पण चिमणीच्या दोन मैत्रिणी ज्यू डे स्कूलला चालल्या आहेत आणि बयेला त्यांच्याबरोबर जायचंय. असा विचार कुणी केलाय का?

गोट्या | १४ फेब्रुवारी, रात्री १०:३२

कुटाशिवाय दोन वर्षं! खरं व्रत हेच. वाचतोय.

काकदृष्टी | १५ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तीन-चार वर्षांचं मूल म्हणजे ओली माती. त्या वयात दुसऱ्यांच्या प्रार्थना पाठ करून घ्यायच्या आणि मग दहाव्या वर्षी "मुलांना शुभंकरोती येत नाही" म्हणून इथेच धागा काढायचा. बाई टिकतात, वेळ सोयीची आहे, हे सगळं मान्य. पण सोयीची किंमत कुणीतरी मोजतंच.

चिमणीची आई | १५ फेब्रुवारी, दुपारी १:२०

राग नाही. सासूबाईंनाही हीच धास्ती होती. पण एक लक्षात आलं, त्यांना आपलं मूल ज्यू करायची अजिबात हौस नाही. कुणी आपणहून धर्मांतराला गेलं तरी रब्बीनं, म्हणजे धर्मगुरूनं, आधी त्याला परावृत्त करायचं, अशीच त्यांची परंपरा. आणि शुभंकरोती येतं हो तिला. उलट शाळेमुळेच यायला लागलं. दर शुक्रवारी कागद घरी येतो, "या आठवड्यात आम्ही हे केलं, तुमच्या घरी दिवे कधी लावता? मुलाला विचारा." एकदा तिनं खरंच विचारलं. आमच्याकडे सोमवार ते रविवार दिवा कुणी लावत नव्हतं. तेव्हापासून लावतो.

अतरंगी अटलांटा | १५ फेब्रुवारी, दुपारी ३:४८

डे स्कूलबद्दल. माझ्या ऑफिसातल्या दोघांची मुलं आहेत, त्यामुळे थोडं माहीत आहे.

डे स्कूल म्हणजे बालवाडीसारखं सर्वांना खुलं प्रकरण नव्हे. ऑर्थोडॉक्स (कडक परंपरावादी) शाळांत आई ज्यू आहे का, हे बघतात. शेक्टर नावाच्या शाळा काँझर्व्हेटिव्ह पंथाच्या, शिवाय कोणत्याच एका पंथाच्या नसलेल्या "कम्युनिटी" शाळा. त्यातल्या काही थोड्या ज्यू नसलेल्या मुलांना घेतात. दिवसाचा मोठा हिस्सा हिब्रू, तोरा (त्यांचा धर्मग्रंथ) आणि प्रार्थनेला जातो. गणित-इंग्रजी उरलेल्या वेळात, तरी चांगलं शिकवतात. फी ऐकून बसायला खुर्ची लागेल. स्वतः ज्यू असलेले आईबाप सवलतीचे अर्ज भरत असतात.

तिला फक्त हिब्रू भाषेची गोडी असेल तर एक मधला मार्ग आहे. हिब्रू चार्टर शाळा सरकारी पैशावर चालतात, फी नाही, धर्म शिकवायला कायद्यानं बंदी. पहिली फ्लोरिडात २००७ मध्ये, ब्रुकलिनमध्ये २००९ मध्ये. त्यांत बिगरज्यू मुलं भरपूर असतात. पण मैत्रिणी तिकडे जाणार नसतील तर चिमणीला त्याचा काय उपयोग!

मुग्धा | १५ फेब्रुवारी, रात्री ८:१५

तुम्ही टाळलेलं विचारते. सुरक्षेचं काय? मी जेसीसीचा फॉर्म भरून, पत्ता बघून, परत घेतला होता.

चिमणीची आई | १५ फेब्रुवारी, रात्री ११:०२

टाळलं होतं, खरं आहे.

दारात बंदूकधारी रखवालदार असतो. दोन दारं, पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. २०१७ च्या सुरुवातीला देशभरच्या जेसीसींना बॉम्बच्या धमक्या आल्या होत्या, आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) अकरा माणसं मारली गेली. आम्ही प्रवेश घेतला तेव्हा हे सगळं माहीत होतं. मुलांकडून "शांत बसण्याचा खेळ" म्हणून सराव करून घेतात. चिमणी घरी येऊन सांगते, "आज मी सगळ्यात शांत होते." त्या वाक्यावर काय बोलायचं ते मला आजही सुचत नाही. अमेरिकेत हा सराव सरकारी शाळेतही असतो, हा युक्तिवाद नवऱ्याचा. तो बरोबर आहे, पण त्यानं मला झोप लागत नाही. तुम्ही फॉर्म परत घेतलात, मला समजतं.

रेवदंडेकर | १७ फेब्रुवारी, पहाटे ४:४०

नमस्कार मंडळी. मी अश्दोद, इस्रायलहून. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ रेवदंड्याचे. मी नववीपर्यंत मुंबईत मराठी शाळेत शिकलो. कुणीतरी इथे तू बिश्वात लिहिलं म्हणून धाग्यात शिरलो.

चिमणीच्या आजीनं घट म्हटलं ते वाचून हसलो. आमच्या पणजीला तू बिश्वात वगैरे नावं ठाऊकच नव्हती. कोकणात आमच्या सणांची नावं मराठीच. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, योम किप्पुर म्हणजे दरफाळणीचा सण, तिशा बेआवला बिरडं खायचं म्हणून तो बिर्द्याचा सण. आणि पुरिम म्हणजे होळीचा सण! कारण पुरिम अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी, तुमची होळी फाल्गुन पौर्णिमेला. चंद्र एकच. आमच्यातही अधिक महिना येतो, एकोणीस वर्षांत सात वेळा, म्हणून सण ऋतू सोडून पळत नाहीत. यंदाही पुरिम आणि होळी बरोबरच आहेत, बघा.

आता इथल्या बालवाडीचं. तिला "गान" म्हणतात, म्हणजे बाग, आणि बाई म्हणजे "गनेनेत", माळीणच. तिसऱ्या वर्षापासून मोफत, हे २०११ च्या मोठ्या आंदोलनानंतर झालं. एका वर्गात पस्तीसपर्यंत मुलं, एक गनेनेत आणि मदतनीस. चौदा मुलं ऐकून माझी सून म्हणाली, हे काय लग्नाचं पंगतवाढप आहे का? शुक्रवारची इमा आणि अबा इथेही. वाढदिवसाला मुलाला मुकुट घालून खुर्चीसकट उचलतात, जितकी वर्षं तितक्या वेळा, आणि एकदा पुढच्या वर्षासाठी.

काकदृष्टी साहेबांना एक सांगायचंय. बालवाडीची ताकद तुम्ही म्हणता त्याहून जास्त आहे. हिब्रू ही दोन हजार वर्षं पोथीतली भाषा, घरात कुणाची नव्हती. १८९८ मध्ये रिशोन लेत्सियोनला पहिली हिब्रू बालवाडी निघाली. बाईंना बाहुलीला शब्द नव्हता, आईस्क्रीमला नव्हता. एलिएझेर बेन येहूदानं बुबा, ग्लिदा असे शब्द घडवले. मुलं ते घरी घेऊन गेली आणि आईबाप मुलांकडून भाषा शिकले. उलटी गंगा. पोरांनी आयांना बोलतं केलं.

त्याच बालवाडीनं माझ्या घरातलं मराठी खाल्लं, हेही लिहितो. माझी मुलं हिब्रूत शिकली, मी कारखान्यात दोन पाळ्या करत होतो, बायको त्यांच्याशी मराठी बोलायची, ती हिब्रूत उत्तर द्यायची. नातवंडांना "पाणी दे" आणि "गप बस" एवढंच समजतं. इथे आमचं मायबोली नावाचं मराठी नियतकालिक निघतं, मी वाचतो, घरात दुसरं कुणी उघडत नाही.

पेसाखचं म्हणाल तर तांदूळ-डाळ बंदी ही अश्कनाझी, म्हणजे युरोपकडच्या ज्यू लोकांची. आम्ही भात खातो. चिमणीच्या शाळेत चालणार नाही, पण मनाला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

काकदृष्टी | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

रेवदंडेकर, तुमचा प्रतिसाद माझ्याच बाजूचा आहे की समोरच्या, हे दोनदा वाचूनही ठरेना. पण उत्तम लिहिलंत. शब्द घडवण्यावरून सावरकर आठवले, दिनांक, महापौर, चित्रपट. फरक एवढाच की आपण तो कारभार मोठ्यांसाठी केला. बाहुलीवर कुणी वेळ घालवला नाही.

निवृत्त मास्तर | १७ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

माझगाव-भायखळ्याच्या बाजूच्या शाळांत बत्तीस वर्षं काढली, म्हणून थोडं मुंबईचं.

मराठी ज्यू शाळा अमेरिकेत शोधायला नको. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकरांनी बेने इस्रायल मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. पुढे कदुरींच्या देणगीनंतर तिचं नाव सर एली कदुरी हायस्कूल झालं, ती माझगावला आहे. १९२२ पासून जवळजवळ तीस वर्षं रेबेका रूबेन मुख्याध्यापिका होत्या. शिकवणं मराठीत आणि जोडीला हिब्रू. त्याआधी या लोकांना हिब्रू शिकवलं कुणी, तर मिशनऱ्यांनी! जॉन विल्सननं १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्याचा हेतू वेगळा होता, मंडळींनी व्याकरण घेतलं आणि हेतू तिथेच ठेवला. १९४८ नंतर समाज इस्रायलला गेला, आता त्या बाकांवर बहुतेक मुस्लिम मुलं बसतात. शाळा चालू आहे, हे महत्त्वाचं.

आणि रेवदंडेकर, पस्तीस मुलांचं गाऱ्हाणं तुमच्या पूर्वजांनी आधीच मिटवून ठेवलंय. एका बेने इस्रायल सहकाऱ्यानं मला तालमूदातलं (ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथातलं) पान दाखवलं होतं, बावा बात्रा, एकविसावं. एका शिक्षकामागे पंचवीस मुलं. चाळीस झाली तर मदतनीस द्या, पन्नास झाली तर दुसरा शिक्षक. त्याच पानावर, सहा वर्षांच्या आत मूल शाळेत घेऊ नका, आणि मारायचीच वेळ आली तर फक्त चपलेच्या वादीनं मारा. मी ते वाचलं त्या वर्षी माझ्या वर्गात बासष्ट होते. वादीची गरज पडली नाही, खडू पुरला.

गोट्या | १७ फेब्रुवारी, दुपारी १२:२१

मास्तर, खडू फेकून की खडू मोडून?

निवृत्त मास्तर | १७ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

नेम धरून.

बर्मिंगहॅमची उमा | १८ फेब्रुवारी, रात्री ९:५५

आमच्याकडचं चित्र अगदी निराळं. ब्रिटनमध्ये बऱ्याच ज्यू शाळा सरकारी खर्चानं चालतात, फी नाही. त्यामुळे प्रवेशासाठी भांडणं थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत. लंडनच्या जेएफएस शाळेच्या प्रकरणात २००९ मध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल लागला की आई ज्यू आहे का यावर प्रवेश देणं हा वांशिक भेदभाव. मग शाळांनी नवी पद्धत काढली, सिनेगॉगला किती वेळा आलात याची नोंद आणि त्यावर गुण. ज्यांनी वर्षानुवर्षं तोंड दाखवलं नव्हतं ते आईबाप शनिवारी हजर. (पुण्यातल्या काही शाळांच्या प्रवेशाआधी पालकांना आठवणारं राष्ट्रप्रेम आठवलं.)

आणि आमच्याच गावात किंग डेव्हिड नावाची ज्यू प्राथमिक शाळा आहे, तिथली निम्म्याहून जास्त मुलं मुस्लिम. तीही हिब्रू शिकतात, ज्यू सण करतात. पालकांचं म्हणणं, हलाल-कोशरचा प्रश्न नाही, शिस्त आहे, देवाचं नाव घेतात, पुरे. ग्लासगोजवळ तर २०१७ पासून ज्यू आणि कॅथलिक प्राथमिक शाळा एकाच इमारतीत आहेत. तेव्हा चिमणीची आई, तुम्ही काही जगावेगळं केलेलं नाही.

मीनल | १९ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

डब्याकडे वळा! माझं डोकं त्यातच अडकलंय. गहू नाही, तांदूळ नाही, डाळ नाही म्हणजे हा आपला उपासच की. बटाटा, रताळं, दही, फळं, साबुदाणा. आजीला फोन करा, एकादशीची यादी जशीच्या तशी लागू पडेल.

चिमणीची आई | १४ मार्च, रात्री ९:३०

महिनाभर गायब होते, सॉरी.

काल रात्री होळी आणि पुरिम एकत्रच लागले, रेवदंडेकरांचा हिशोब बरोबर. आज शाळेत सगळी मुलं वेष घालून गेली होती. चिमणीला झाशीची राणी व्हायचं होतं. कुणाला कळेना म्हणून तिनं स्वतःच सांगितलं, "मी एस्थरची मैत्रीण." एस्थर ही पुरिमच्या गोष्टीतली राणी. त्या गोष्टीत हामान या दुष्टाचं नाव आलं की खुळखुळे वाजवून ते नाव बुडवायचं असतं. मी तिला सांगितलं, आपणही होळीला बोंब मारतो. ती घरी आल्यावर अर्धा तास दोन्ही धर्मांचं पालन करत होती. खालच्या मजल्यावरचे वर आले होते.

मीनल, उपासाची यादी घेऊन बाईंकडे गेले. साबुदाणा म्हणजे काय, हे मूठभर दाणे हातावर ठेवून समजावलं. त्यांनी रब्बींना विचारलं. उत्तर असं की कंदाचा आहे, वस्तू म्हणून हरकत नाही, पण पाकिटावर पेसाखचा शिक्का नाही म्हणून शाळेत नको. भारतीय दुकानातल्या साबुदाण्यावर कसला शिक्का असणार. वरी म्हणजे बारीक धान्य, तीही नाही. राजगिऱ्यावर चर्चा लांबली तेव्हा मीच निघून आले.

डे स्कूलचं ठरलं. नको. ओपन हाऊसला जाऊन आलो, शाळा सुरेख आहे, मुलं प्रश्न फार विचारतात आणि बाई कंटाळत नाहीत. पण तिथे गेल्यावर कळलं की बालवाडीत आम्ही पाहुणे होतो ते गोड होतं, आठ वर्षं पाहुणं राहता येत नाही. तिच्या बरोबरीच्या मुलांना तिथे आपल्या घरचं शिकवतात. तिला ते दुसऱ्याच्या घरचं म्हणून शिकावं लागलं असतं. आणि फी ऐकून, अतरंगींनी म्हटल्याप्रमाणे, बसलोच. सरकारी शाळेत नाव घातलं. मैत्रिणींवरून दोन दिवस रडली.

रेवदंडेकर | १५ मार्च, पहाटे ५:१०

बरं केलंत. पार्सली जगली का?

चिमणीची आई | १५ मार्च, सकाळी ७:४५

चौदा पेल्यांतली नऊ जगली. आमची मेली. बाईंनी रात्रीतून दुसरी ठेवली असावी, कारण सोमवारी अचानक चार इंच होती.

रेवदंडेकर | २ एप्रिल, पहाटे ४:५५

पेसाखच्या सेदेरला, म्हणजे पहिल्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, घरातल्या सगळ्यात लहान मुलानं चार प्रश्न विचारायचे असतात. शाळेत आता तेच पाठ करून घेत असतील. पहिलं वाक्य हिब्रूत "मा निश्ताना". १८४६ मध्ये मुंबईला मराठी भाषांतरासह हग्गादा (सेदेरला वाचायची पोथी) छापली होती, १८७४ मध्ये पुण्यालाही. माझे आजोबा सेदेरला प्रश्न मराठीत विचारायला लावायचे, लहान मी असायचो. ही रात्र बाकीच्या रात्रींहून वेगळी का? चिमणीला मराठीत शिकवून बघा. इथे माझ्याकडे विचारायला मराठीतलं लहान कुणी उरलं नाही.

चिमणीची आई | १२ एप्रिल, रात्री ११:२०

रेवदंडेकर काका, शिकवलं.

गुरुवारी शाळेत खोटा सेदेर झाला. कागदी टोप्या, मात्झाचा चुरा सगळीकडे, पार्सली मिठाच्या पाण्यात. चिमणी सगळ्यात लहान नव्हती तरी उठून उभी राहिली आणि मराठीत विचारून मोकळी झाली. बाईंनी तिला अर्थ विचारला, तिनं सांगितला. मग त्यांनी ते मराठी वाक्य माझ्याकडून इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं, पुढच्या वर्षी वर्गात म्हणायला. तुमच्या आजोबांचं आहे, हे मी सांगितलं.

आज त्यांच्या पेसाखची पहिली रात्र. आमच्याकडे हनुमान जयंती, त्यात शनिवार, म्हणून खिचडी केली होती. सासूबाई पुण्याहून व्हिडिओवर, त्यांची रविवारची सकाळ. चिमणीनं ताट समोर आल्यावर पुन्हा सुरू केलं, "आजी, ही रात्र बाकीच्या रात्रींहून वेगळी का?"

सासूबाईंनी चष्मा वर करून ताटाकडे बघितलं. म्हणाल्या, "कारण आज तुझ्या आईनं खिचडीत कूट घातलंय."

मंगळवारच्या डब्यात बटाटा आणि दही. बुधवारचं कुणाला सुचत असेल तर सांगा.